ह्या घरचं पाणी

आमचे हे तीन तऱ्हांनी भांडतात, आणि तिन्ही मला तोंडपाठ आहेत.

माझ्याशी भांडतात ते मोठ्याने, गल्लीला ऐकू जाईल असं. विषय रोज तोच. कुणी आलं की मी नुसतं पाणी पुढे करते, बरोबर गुळाचा खडा द्यायला विसरते. बाहेरून आवाज येतो, "अगं, गूळ?" आणि मी आतून ओरडते, "आणते हो, दोनच हात आहेत मला." आमच्या लेकीशी, ईशानीशी, भांडतात ते माझ्यामार्फत. "सांग तुझ्या लेकीला, बँकेत नोकरी असली म्हणून घरी यायची काही वेळ असते की नाही." लेक तिथेच समोर बसून जेवत असते. तिसरी तऱ्हा मात्र वाईट. तिला आवाजच नाही. ती त्यांनी एकाच माणसासाठी राखून ठेवली होती, बिंदूभावजींसाठी.

बिंदुमाधव हे ह्यांचे धाकटे चुलतभाऊ. बनारसला ब्रह्माघाटावर आमच्याच गल्लीत, दोन दारं सोडून राहतात. लग्न केलं नाही, पाठशाळेतल्या मुलांना शिकवण्यातच जन्म गेला. दोघा भावांची मुंज एका मांडवात झाली, दोघांनी विश्वेश्वरकाकांकडे एकत्र वेदाची संथा घेतली. मी लग्न होऊन इंदूरहून आले तेव्हा भावजींचं दोन्ही वेळचं जेवण आमच्याकडेच असे. पानावर बसल्यावरही दोघांचं आपलं हे असं की तसं चाललेलं असायचं, आणि मला वाटायचं की आपण एका नव्हे, दोन माणसांच्या घरात पडलो.

दोघं घनपाठ म्हणायला बसले की लोक रामघाटावरून ऐकायला येत. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. जोडीदार समोरासमोर बसतात. शब्द पुढेमागे विणत न्यायचे, एक तुकडा एकाने म्हणायचा, पुढचा दुसऱ्याने, आणि मध्ये श्वासाएवढीही फट राहू द्यायची नाही. काकांनी ह्या दोघांना एक रीत घालून दिली होती. जोडीदार अडखळला तर दुसऱ्याने थांबायचं आणि दोघांनी मिळून तो तुकडा पहिल्यापासून धरायचा. चूक कुणाची झाली ते ऐकणाऱ्याला कळता कामा नये.

मग एका यजमानांकडे वसंतपूजा झाली. वैदिक बोलावून मंत्र म्हणवून घ्यायचे, त्यांचा मान करायचा, असा तो समारंभ. पुण्या-नाशिकची मोठमोठी मंडळी आली होती. भर सभेत हे अडखळले, आणि भावजी थांबले नाहीत. ह्यांचाही तुकडा आपणच म्हणून एकटे पुढे गेले आणि शेवटापर्यंत नेलं. शाल-नारळ त्यांच्या हातात पडला तेव्हा हे तोंड मिटून समोर बसले होते.

घरी आले ते पाय न धुता दारातच उभे राहिले. म्हणाले, "ह्यापुढे त्याला ह्या घरचं पाणी नाही. मलाही त्याच्याकडचं नको." आमची गल्ली म्हणजे दोन माणसं एकमेकांना चुकवून जातील एवढीच. भावजी आपल्या दारात उभे होते, त्यांनी ते ऐकलं. मान खाली घातली आणि आत गेले. त्या दिवसापासून ते हाताने स्वयंपाक करून खायला लागले.

तेव्हा ईशानी शाळेत होती, आता बँकेत आहे, म्हणजे किती वर्षं झाली ते तुम्हीच बघा. दोघांचं गंगेवरचं स्नान एकाच वेळी, एकाच पायरीवर. एक उतरला की दुसरा चढायचा. तिळगूळ ईशानीच्या हातून जायचा-यायचा. मी तर स्वतःला सोडवून घेतलं होतं. भाऊ तुमचा, भांडण तुमचं, माझं काय त्यात, असं म्हणायचे. पण पोळ्या लाटताना अजून दोन जास्तीच होत, आणि त्या गाईला घालताना माझा दर वेळी संताप व्हायचा.

ह्या वर्षी चैत्रात सकाळी पूजेला बसले असताना ह्यांच्या हातातली पळी पडली. पळी उचलायला वाकले ते स्वतःच कलंडले. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं तोवर पाय थोडा सुधारला होता, काठी धरून खिडकीपर्यंत येऊ लागले. हात मात्र लोंबतच राहिला, आणि शब्द परत आला नाही. कळायचं सगळं. मी काय म्हणते, ईशानी काय म्हणते, दूधवाला कुठल्या भावाने देतो, सगळं. बोलायला जायचे, ओठ हलायचे, शब्द तोंडाशी येऊन मागे फिरायचा. मग डोळे भरायचे आणि ते भिंतीकडे बघत बसायचे.

लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. "अगं" हेच माझं नाव. मी किती वेळा वाद घातला असेल. आईबापांनी शरदिनी असं छान नाव ठेवलंय, ते काय शेजाऱ्यांसाठी? आता घरात दिवसभर माझ्या बांगड्यांचा तेवढा आवाज व्हायचा. एकदा भाजी चिरताना मला उगाचच वाटलं की हाक आली. मी "आले" म्हणून उठले, बाहेर गेले, आणि हे झोपलेले होते. त्या दिवशी मी माठाजवळ बसून रडले. एक "अगं" ऐकायला मिळावं म्हणून मी देवीला काय काय बोलले ते सांगत नाही.

वाचेसाठी एक बाई घरी यायच्या. तरुण मुलगी, पण कामात पक्की. चित्रं दाखवायच्या, "गुरुजी, ये क्या है?" म्हणून विचारायच्या. हे फुलपात्राच्या चित्राकडे बघून घामाघूम व्हायचे. एके दिवशी बाईंनी मला विचारलं, "माताजी, कुछ गाते-वाते थे? जो बचपन से जबानी याद हो?"

मी म्हटलं, "अरे, और याद किया ही क्या है इन्होंने जिंदगी भर."

"तो वही कहलवाइए," बाई म्हणाल्या. बोलणं डोक्यात एका जागी असतं, पाठ केलेलं कधीकधी दुसऱ्या जागी असतं. तिकडून वाट निघाली तर बोलण्यालाही हात मिळतो. पण जे करायचं ते आत्ताच करायला हवं, पहिल्या काही महिन्यांत. नंतर अवघड होत जातं. जाताना मला बाजूला घेऊन त्या हे शेवटचं दोनदा म्हणाल्या.

ईशानीने मोबाइलवर कुठलंसं पठण लावलं. ह्यांनी थोडं ऐकलं आणि डाव्या हाताने मोबाइल पालथा घातला. मग मी बसले. इतकी वर्षं भिंतीआडून ऐकलेलं आहे, चाल तर येते, म्हणून मी धीर करून सुरुवात केली. ह्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की मी दुसऱ्या शब्दालाच गप्प झाले. आजारी माणूस म्हणून मी काही बोलले नाही, पण मनातून फार लागलं.

"आई, ये अकेले होगा ही नहीं," ईशानी म्हणाली. "बाबांना समोर कुणीतरी लागतं. और कोई है क्या, बिंदूकाका छोड़के?"

"त्यांचं नाव काढू नकोस."

"मी काढलं नाही तर कोण काढणार? बाबा निकालेंगे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घाटावर गेले आणि भावजी स्नान करून वर येतात त्या पायरीवर बसून राहिले. मनात सगळं भाषण तयार होतं. तुम्ही पुढे निघून गेलात, त्यांना सभेत एकटं पाडलंत, आता तरी लाज असेल तर या, असं बरंच काही. भावजी ओल्या पंच्याने वर आले, मला पाहून थांबले. केस सगळे पिकले होते. इतकी वर्षं नजर वर करून बघितलं नव्हतं म्हणून मला ते कळलंच नव्हतं.

"वहिनी," ते म्हणाले, "दादा काही बोलला का?"

माझं भाषण तिथेच विरघळलं. मी म्हटलं, "नाही हो भावजी. तुम्ही या."

ते त्याच दिवशी आले. उंबऱ्याशी चपला काढल्या, क्षणभर थांबले, मग आत येऊन ह्यांच्यासमोर मांडी घालून बसले. पूर्वी बसत तितक्याच अंतरावर. ह्यांनी मान फिरवली. भावजींनी एक तुकडा म्हटला आणि थांबले. पुढचा ह्यांचा होता. काही आलं नाही. भावजींनी पुन्हा पहिल्यापासून धरलं. पुन्हा थांबले. मी दाराआड उभी राहून पदर चावत होते. किती वेळा तरी झालं तसं. न कंटाळता, आवाज न चढवता, नव्या विद्यार्थ्याला संथा द्यावी तसे ते मागे येत होते. शेवटी उठले आणि "उद्या येतो" असं भिंतीला सांगून निघाले.

मी तांब्या-फुलपात्र घेऊन पुढे झाले. "भावजी, पाणी तरी घ्या, बाहेर काय ऊन आहे."

ते चपला घालत म्हणाले, "नको वहिनी. ते दादानं बंद केलंय. त्यानं सांगितल्याशिवाय मी कसा घेऊ?"

"अहो, पण ते आता सांगणार कसे?"

"तेच तर," म्हणाले, आणि गेले.

ह्या घराण्यातल्या पुरुषांच्या डोक्यात देवाने नेमकं काय घातलंय ते मला कळत नाही. वेद राहतो, अक्कल राहत नाही. मी तांब्या परत माठावर आपटला.

भावजी रोज येत राहिले. आणि एके दिवशी, भावजी थांबलेले असताना, ह्यांच्या घशातून आवाज निघाला. आधी नुसता सूर, शब्द नाही. दोन दिवसांनी त्या सुरात एक शब्द होता. मग अर्धा तुकडा. मग एक सकाळ अशी आली की भावजींनी म्हटलं आणि ह्यांनी सरळ पुढचा तुकडा म्हटला, स्वच्छ, खणखणीत, पळी पडायच्या आधीसारखा. मी हातातलं पीठ तसंच ठेवून बाहेर आले. ईशानी बँकेत जायला निघाली होती, ती जिन्यातच बसून रडायला लागली.

पण पठण संपलं की वाचा पुन्हा बंद. मी म्हणायचे, "अहो, मला काहीतरी म्हणा ना." ओठ हलायचे, आणि नाही. खरं सांगते, मला भावजींचा हेवा वाटला. ज्याचं तोंड बघायचं नाही म्हणून इतकी वर्षं काढली त्याच्याशी दिवसाचा तास तास घन, आणि ज्या बाईने इतकं रांधून घातलं तिला एक अक्षर नाही. ईशानीने बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, रस्ता तर उघडलाय, पण त्यावरून अजून पाठ केलेलंच चालतंय. आपलं स्वतःचं काही सांगायचं असेल, मनापासून सांगायचं असेल, तर येईल. म्हणाल्या, "जबरदस्ती से नहीं आता, माताजी."

वैशाख संपत आला. बनारसचं ऊन म्हणजे दगडी गल्लीसुद्धा भाकरीच्या तव्यासारखी तापते. भावजी यायचे, तासभर म्हणायचे, घसा कोरडा पडायचा, आवाज फाटायचा. मी रोज पाणी ठेवायचे आणि रोज तसंच भरलेलं परत उचलून न्यायचे. एकदा मी पाहिलं, ह्यांनी डावा हात पुढे केला होता आणि फुलपात्र हळूहळू भावजींकडे सरकवत होते. उजवा हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला. मध्येच त्यांचं लक्ष आपल्या हाताकडे गेलं. डाव्या हाताने कुणाला पाणी देतात का? जन्मभर आम्हाला हेच शिकवलेलं. त्यांनी हात झटकन मागे घेतला आणि धोतरात लपवला. भावजींनी पाहिलं की नाही कोण जाणे, ते खाली बघत होते.

गल्लीच्या तोंडाशी, आमच्या खिडकीखालीच, उन्हाळ्यात प्याऊ लागतो. येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी कुणीतरी माठ भरून ठेवतं, ओंजळीत पाणी ओततं. त्या दिवशी भावजी गेल्यावर हे काठी टेकत खिडकीशी जाऊन उभे राहिले. फार वेळ हलेनात म्हणून मी मागे जाऊन बघितलं. खाली प्याऊपाशी भावजी वाकून ओंजळीने पाणी पीत होते. घटाघटा, वाटसरू पितात तसे. उन्हात, डोक्यावर ओला पंचा, आपल्याच माणसांच्या घराच्या खिडकीखाली. एकदा प्यायले, पुन्हा ओंजळ धरली. मी पाठीवर हात ठेवला तरी मागे वळले नाहीत. दुपारी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी भावजी आले ते लाल झालेलं तोंड घेऊनच. बसले, सुरुवात केली. मी आत कणीक मळत होते, कान बाहेर. एकाचा तुकडा, दुसऱ्याचा तुकडा, छान चाललं होतं. आणि मध्येच भावजींचा घसा धरला. खोकला आला, शब्द तुटला. पुढचा तुकडा ह्यांचा होता. तोंडात तयार असणार, कारण ह्यांनी श्वास घेतलेला मला ऐकू आला.

हे पुढे गेले नाहीत. थांबले. भावजींचा खोकला शमेपर्यंत थांबले, आणि मग भावजींचाच तुकडा आपण होऊन पहिल्यापासून धरला, सावकाश, काका शिकवत तसा, भावजींनी येऊन मिळावं म्हणून.

भावजी मिळालेच नाहीत. मी दाराशी आले तेव्हा ते पंचा तोंडाला लावून रडत होते. साठी उलटलेला माणूस, हुंदके देऊन. "दादा," ते म्हणाले, "मला वाटलं होतं तू मागून येशील. खरंच रे. एवढी माणसं बसली होती, मी घाबरलो, म्हटलं मी चालू ठेवतो, दादा मला येऊन धरेलच. शेवटपर्यंत वाटत होतं. मागे बघायला हवं होतं मी."

हे त्यांच्याकडे बघत होते. मान फिरवली नव्हती. मला पुढे बघवेना, म्हणून मी आत वळले आणि पुन्हा परातीत हात घातला.

"अगं."

"आले हो, दोनच हात आहेत मला," मी ओरडले.

आणि तशीच उभी राहिले. पिठाचे हात हवेत. मला वाटलं, त्या दिवसासारखाच भास झाला.

"अगं," पुन्हा आलं. जड, अडखळत, पण माझंच. मग एक मोठा श्वास, आणि कुणीतरी विहिरीतून ओढून काढावा तसा शब्द, "पाणी."

हात धुतले की नाही आठवत नाही. तांब्या भरला, अर्धा सांडला, फुलपात्र घेऊन बाहेर आले. ह्यांच्यासमोर धरलं तर त्यांनी मान हलवली. भावजींकडे बघितलं. ओठ जुळवले, सुटले, पुन्हा जुळवले.

"बिंदू," ते म्हणाले. "घे."

भावजींनी दोन्ही हातांनी फुलपात्र घेतलं. त्यांना धड वरून पिताही येईना, पाणी हनुवटीवरून छातीवर ओघळत होतं आणि डोळ्यांतलंही त्यातच. मी फुलपात्र पुन्हा भरलं. ते पुन्हा प्यायले. मीही रडत होते, कोपऱ्यात डोळ्यांना पदर लावून, आणि मनात म्हणत होते, आता आणखी काही नको देवा, एवढं पुष्कळ आहे.

तेवढ्यात ह्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. कपाळाला ती जुनी आठी पडली होती. फुलपात्राकडे बघितलं, माझ्या रिकाम्या दुसऱ्या हाताकडे बघितलं.

"अगं," म्हणाले, "गूळ?"